उतरवून घ्यायचं की तिथंच ठेवायचं

संगणकाने एक प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत तो पुढे सरकायला तयार नव्हता. पीओपी की आयमॅप. दोन बारके गोल, ठिपका एकातच देता येणार. घाटंजीच्या बाजाररस्त्यावर, शटर अर्धं वर केलेल्या दुकानात मी त्या गोलांसमोर बसलो होतो. मागे वहिनी भिंतीवरची जुनी कॅलेंडरं काढत होत्या. दुकान महिनाअखेर मालकाला परत द्यायचं होतं. दादाला जाऊन एक पावसाळा उलटला होता.

बाहेरून कापसाच्या गाड्या जिनिंगकडे चालल्या होत्या. त्यांच्यातून उडालेला कापूस शटरच्या कडेला, विजेच्या तारांवर, समोरच्या बाभळीच्या काट्यांना अडकून बसला होता. दरवर्षी बसतो. दरवर्षी तो बघून मला काहीतरी वाटायचं, काय ते सांगता आलं नसतं. या वर्षी तो नुसता कापूस होता.

या दोन शब्दांचा अर्थ मला दादानेच सांगितला होता, काही वर्षांपूर्वी, याच खुर्चीत बसून. आलेलं टपाल दूर कुठल्यातरी मोठ्या यंत्रात पडून असतं. पीओपी म्हणजे ते तिथून उचलून आपल्या संगणकात उतरवून घ्यायचं आणि तिथली जागा रिकामी करायची. आयमॅप म्हणजे टपाल तिथंच राहू द्यायचं आणि आपण इथून, फोनवरून, कुठूनही नुसतं बघायचं. एका ठिकाणी उघडलं की ते सगळीकडे उघडलेलं दिसतं, एका ठिकाणी पुसलं की सगळीकडचं जातं. पीओपीला एवढी आठवण नसते. उतरवलेलं सगळं त्याला कोरं, वाचलेलंही आणि न वाचलेलंही.

"नावं मंत्र्यासारखी," दादा म्हणाला होता, "अन् काम हमालाचं."

दादाच्या शोकसभेत एका वक्त्याने त्याला तालुक्याचा माहितीदूत म्हटलं. दुसऱ्याला ते कमी पडलं असावं, त्याने युगपुरुष म्हटलं. फोटोला हार फार मोठा आणला होता, त्यात दादाचा चेहरा कपाळापुरता उरला होता. मी पहिल्या रांगेत बसलो होतो आणि युगपुरुषाला, दादाला लागायचा तसा, साखर कमी घातलेला चहा कोणी दिला असता का, एवढाच विचार करत होतो.

हार या दुकानाला नवीन नव्हता. दुकान उघडलं तेव्हा मॉनिटरला झेंडूचा हार घातला होता. मॉनिटर तेव्हा लाकडी पेटीएवढे असायचे, मागे कुबड असलेले. नारळ टेबलाच्या कोपऱ्यावर फोडावा की दारात, यावर बराच खल झाला. पाणी यंत्रात जाईल म्हणून शेवटी दारात फुटला. फीत कापायला आलेल्या पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की आजपासून जग घाटंजीत येणार. मग दादाने फोनची लाइन जोडायचा प्रयत्न केला आणि ती दुपारभर लागली नाही. पेढे संपले, पाहुणे गेले, मांडववाला गाद्या उचलू लागला, तेव्हा कुठे लागली. तोवर मॉनिटरच्या उष्णतेने हार सुकून गेला होता. भाजलेल्या झेंडूचा तो वास दुकानात कितीतरी दिवस होता. आजही कोणी इंटरनेट म्हटलं की मला आधी तो वास येतो.

लाइन लागण्याचा एक आवाज होता. आधी नंबर फिरल्याची टिकटिक, मग घशात काही अडकल्यासारखी खरखर, मग दोन सुरांचं भांडण, मग एकदम शांतता. शांतता झाली की जोडणी झाली. बाहेरच्या बाकावर बसलेल्या बायका तोवर बोलणं थांबवायच्या. "लागला," कोणीतरी म्हणायची, चुलीवर भात लागल्यासारखं.

त्या बाकाचं सांगायला हवं. घाटंजीत तेव्हा कोणाकडे स्वतःचा ई-मेलचा पत्ता नव्हता, आणि पत्ता असावा असंही कोणाला वाटत नव्हतं. पत्ता होता तो दुकानाचा, एकच. पुण्याच्या कारखान्यात गेलेली पोरं, फौजेत गेलेली, आखातात नर्स झालेली कोणाची मुलगी, सगळे त्याच एका पत्त्यावर लिहीत. विषयाच्या ओळीत गावाचं नाव आणि ज्याच्यासाठी आहे त्याचं नाव. बाजाराच्या दिवशी सकाळी दादा लाइन लावायचा, सगळं टपाल भराभर उतरवून घ्यायचा आणि लाइन तोडायचा. जोडलेल्या लाइनवर फोनचं मीटर पळायचं, आणि दूरच्या यंत्रातली आपली पेटी इतकी लहान होती की एका लग्नाच्या दोन फोटोंनी ती भरून जायची. उतरवा आणि रिकामी करा. दुसरा पर्याय आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हता.

मग वाचन. बाकावर टोपल्या घेऊन माणसं बसलेली, टोपल्यांत वांगी, हिरव्या सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या, कोणाचं कोंबडं पाय बांधून. शेजारच्या भज्यांच्या कढईचा धूर, पलीकडच्या दुकानातल्या सरकीच्या ढेपेचा वास, वाऱ्याने मिरचीच्या ढिगावरून आलेला खकाणा. त्यात दादा एकेकाचं नाव पुकारायचा. ज्याचं टपाल असेल त्याच्याकडे आधी मॉनिटर फिरवायचा. ऐकणाऱ्याला वाचता येत नसलं तरी. त्याचं टपाल आहे, त्याला आधी दिसलं पाहिजे, हा दादाचा कायदा. मग तो वाचायचा, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी, एका सुरात, आकाशवाणीवर हवामान सांगतात तसं.

"जरा जीव लावून वाच ना भाऊ," एक बाई एकदा म्हणाली. "माह्या पोट्ट्यानं इतकं मायेनं लिवलं, अन् तू तं सातबारा वाचल्यावानी वाचून राह्यला."

"माया त्याची हाय, मावशी," दादा म्हणाला. "मी कायले मधात घुसू?"

टपालात वाईट बातमी असली तर तो बाकावर वाचत नसे. "आत या," म्हणायचा, "पाणी घ्या," आणि कोपऱ्यातल्या माठातून गडवा भरायचा. हळूहळू लोकांना ते समजलं. मग घाटंजीत अशी रीत पडली की त्या दुकानात कोणी पाणी पीत नसे. मे महिन्यात, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असतानासुद्धा, घसा सुकलेली माणसं कूलरसमोर बसून राहायची आणि वहिनींनी गडवा पुढे केला की दचकून नको म्हणायची. कूलरच्या ताटीतून वाळ्याचा वास आणि पाण्याचे तुषार, दोन्ही थेट संगणकावर. दादाने संगणकाला प्लॅस्टिकची पिशवी घातली होती. पाहुण्यांनी आणलेलं जग त्या पिशवीत असायचं.

दसऱ्याला संगणकाची पूजा व्हायची. कुंकू माऊसला, आपट्याची पानं कीबोर्डवर. ती पानं वाळून चुरा होऊन कळांमध्ये जायची आणि मग संक्रांतीपर्यंत एखादं अक्षर रुसून बसायचं. श्रावणात लाइन मेलेली असायची. लाइनमन सांगायचा, केबलमध्ये पाणी शिरलं. बाकावरची माणसं तरी यायची, बसायची, एकमेकांना मागच्या बाजारचं टपाल तोंडपाठ सांगायची. थंडीत दादा शटर उशिरा उघडायचा, तोवर ती रस्त्यावर तुऱ्हाट्यांची, तुरीच्या वाळक्या काड्यांची, शेकोटी करत. त्या धुराचा वास दिवसभर लुगड्यांना राहायचा.

झमकूबाई पहिल्यांदा कधी आल्या, मला आठवत नाही. तांड्यावरून यायच्या, बाजाराची बाकीची कामं आधी उरकून, सगळ्यांत शेवटी. दोन्ही हातांत कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, ओढणीला आरसे, त्यांतले अर्धे गळालेले. सगळा बाजार त्यांना याडी म्हणायचा. बंजाऱ्यांच्या गोर बोलीत आई. त्यांचा उत्तम आयटीआय करून बाहेरदेशी फिटर होऊन गेला होता. दारात उभ्या राहून त्या विचारायच्या, "कागद आयो कांई?" ई-मेलला त्यांनी कधीच ई-मेल म्हटलं नाही, आणि माझ्या मते त्यांचंच बरोबर होतं. कागद आला असला की मॉनिटरच्या काचेला तळहात लावायच्या. त्या काचांना तेव्हा वीज असायची, हाताचे केस उभे राहायचे, बारीक चटचट आवाज यायचा. याडी हात काढून तळव्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "हाव. वाच आता."

उत्तमचे मेल लहान असत. इथं गरम आहे. खोलीत आम्ही आठ जण. भाकर मिळत नाही. ढोरांना सांभाळ. याडीचं उत्तर त्याहून लहान. काय खाल्लं, कोण रांधतं, कधी येतो. दादा ते टाइप करायचा आणि वाचून दाखवायचा आणि याडी म्हणायच्या, "अजून एकडाव लिव. कधी येतो."

मग ते मेल विरळ झाले, आणि मग थांबले. का थांबले ते मला माहीत नाही. तांड्यावर त्याबद्दल तीन-चार गोष्टी सांगत, त्यांतली कुठलीही दुसरीशी जुळत नसे. याडी बाजाराला येत राहिल्या आणि दारात विचारत राहिल्या. दादा नाही म्हणायचा. पुढच्या बाजारी पाहू, असं म्हणायचा नाही. नुसतं "नाई आला, याडी." आणि त्या "बरं" म्हणून जायच्या.

पुढे सगळ्यांच्या हाती फोन आले. बाक तसाच राहिला, त्यावर बसणारे मान खाली घालून आपापलं टपाल आपणच वाचू लागले. दुकानात मग दाखल्यांचे अर्ज भरले जात, परीक्षांचे निकाल छापले जात. दादाच्या पत्त्यावर मात्र लोक लिहीत राहिले. सवयीने असेल. दिवाळीला, पोळ्याला, घरात लग्न निघालं की. जगभर पांगलेली घाटंजीची पोरं, आता पोट सुटलेली, आपल्या पोरांच्या मुंजींचे फोटो दुकानाच्या पत्त्यावर पाठवायची. दादानेही शेवटच्या काही वर्षांत फोन घेतला, आणि पुण्याहून आलेल्या निखिलने, त्याच्या मुलाने, त्यावर आयमॅप लावून दिलं. "बाबा, आता उतरवायची कटकट नाही. सगळं तिथंच राहतं." दादाने ते मान्य केलं. दुकानातला संगणक जुनी टपालं पोटात घेऊन कोपऱ्यात राहिला आणि नवी टपालं दूर कुठेतरी साठत गेली.

दादा गेल्यावर तो फोन वहिनींकडे आला. त्या रोज सकाळी चहा झाला की तो उघडून टपालाची यादी बघायच्या. मेल उघडत नसत. नुसती यादी. वाचलेला मेल त्यात बारीक अक्षरांत दिसतो आणि न वाचलेला जाड. दादा काही शिस्तीने वाचणारा नव्हता. मधला एखादा सोडून द्यायचा, पुढचा उघडायचा. त्यामुळे यादी वरपासून खालपर्यंत जाड-बारीक, जाड-बारीक अशी होती, माणूस उठून गेल्यावर सतरंजीवर वळ्या राहाव्यात तशी. आणि सगळ्यांत वर, शेवटच्या दिवसांनंतरचं, सलग जाड.

"हा पाहा, हा उघडला त्यांनी," वहिनी मला दाखवायच्या. "हा नाई. हा काहून नसन उघडला?"

मला काय ठाऊक. मी म्हणायचो, राहून गेला असेल. त्या मान हलवायच्या आणि अंगठ्याने पुढे सरकवायच्या, उघडू नये एवढी काळजी घेऊन.

मी त्या दिवशी यवतमाळहून आलो होतो तो या यादीसाठीच. पेटी भरत आली होती. दर दोन दिवसांनी वर एक तांबडी पट्टी यायची, जागा संपत आहे. जागा संपली की पुढचा मेल आत घेतला जात नाही, ज्याने लिहिला त्याच्याकडे परत जातो. पत्ता नागपूरच्या एका लहानशा कंपनीने दिलेला, तिचा फोन वाजत राहायचा आणि उचलायचं कोणी नाही. मी वहिनींना म्हटलं, जाहिराती पुसून टाकू.

"त्याबी वाचल्यात त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "बियाण्याची जाहिरात अगदी शेवटापर्यंत वाचत. कोनती पुसू?"

जागा तशीही जाहिरातींनी खाल्ली नव्हती, फोटोंनी खाल्ली होती, आणि फोटोंना हात लावण्याचा प्रश्नच नव्हता. निखिलला फोन लावला. तो कामात होता, तरी बोलला. "काका, सरळ आहे. संगणकावर पीओपी लावा. सगळं तिथून इथं येईल, पेटी मोकळी."

"आणि कोणतं वाचलेलं, कोणतं नाही?"

"ते राहणार नाही. सगळे नवे दिसतील. मी वेगळ्या पद्धतीने, हाताने ओढून बघितलं होतं इथून. त्यात खुणा राहतात. पण ते सर्व्हर म्हातारं आहे काका, मधेच तुटतं. काही दोनदा आले, काही आलेच नाहीत. मी सोडून दिलं." मग थोडं थांबून, "आयमॅपच ठेवायचं तर ठेवा. पण पेटी भरली की भरली. आईला विचारा ना. त्यात काय एवढं."

त्यात काय एवढं होतं ते असं. आयमॅप ठेवलं तर दादाने सोडलेली यादी जशीच्या तशी, पण दार बंद. पीओपी केलं तर दार उघडं, पण फोनवरची यादी जाणार आणि संगणकात उतरेल ते सगळं एकसारखं जाड. मी वहिनींना हे सावकाश सांगितलं. त्यांनी कॅलेंडरांची गुंडाळी बाकावर ठेवली आणि हात पुसले.

"मंग ठेवा तसंच," त्या म्हणाल्या. "लिवनारे फोन करतीन मले. सगळ्यायजवळ हाय माहा नंबर."

मी आयमॅपच्या गोलाकडे माऊस नेला. तिथवर नेऊन थांबलो, कारण शटरखालून कोणीतरी वाकून आत आलं. याडी होत्या. त्या दिवशी बाजार होता हे मी विसरलो होतो. हातात काठी आली होती, बांगड्या कमी झाल्या होत्या. आत येऊन त्यांनी दुकान बघितलं, उतरवलेली कॅलेंडरं, रिकामं कपाट.

"शटर काहून अर्धं हाय?"

"दुकान सोडून राह्यलो, याडी," वहिनी म्हणाल्या. "बसा. उन्हातून आल्या. पानी घ्या."

याडी उभ्याच राहिल्या. चेहऱ्यावर काही हललं नाही, फक्त काठीवरची मूठ आवळली. "पानी कायले?"

वहिनींच्या लक्षात आलं. त्यांनी गडवा घाईने खाली ठेवला. "तसं नाई वं याडी. नुसतं पानी. काई आलं नाई."

"नाई ना?"

"नाई. खरंच नाई."

मग त्या बसल्या. बाहेर भाजीवाला शेवटचा भाव सांगत होता. गिऱ्हाईक नसताना सांगतात तसा, स्वतःशीच.

"दुकान गेलं तं माहा कागद कुठं येईन?" याडींनी विचारलं.

"पत्ता तोच हाय. फोनात येते." वहिनींनी फोन दाखवला. एवढ्यावर थांबता आलं असतं. त्या थांबल्या नाहीत. "पन पेटी भरली याडी. जागा सरत आली. आता आठ-पंधरा दिवसानं कोनाचा कागद आला तं आत नाई येनार. वापस जाईन."

"कोनाकडं वापस?"

"ज्यानं लिवला त्याच्याकडंच."

याडींनी हे समजून घेतलं. त्या काही रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत, विनंतीही केली नाही. माझ्याकडे बघून, मी शिकलेला म्हणून असेल, एकच विचारलं, "त्याले काय सांगते तो वापस गेल्यावर?"

मी सांगितलं की एक निरोप जातो, हे टपाल पोचू शकलं नाही.

"बस इतकंच?"

"इतकंच."

"मंग त्याले वाटंन," याडी म्हणाल्या, "का घरी कोनी नाई राह्यलं."

वहिनी उठून दारापर्यंत गेल्या, शटरला हात लावून उभ्या राहिल्या, परत आल्या. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं आणि पडद्याकडे बघितलं, तर तिथे ते दोन गोल. मला तेव्हा काही तरी वाटायला हवं होतं. वाटलं ते एवढंच, की माऊसच्या खालचा रबर गेला आहे.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "ते दुसरं करा."

"पीओपी?"

"जे काय असन ते. उतरवून घ्या सारं."

"वहिनी, फोनवरचं मग..."

"सांगतलं ना तुमी. एकडाव सांगतलं तं समजलं मले." त्या स्टुलावर बसल्या. "थोडं थांबा फक्त."

त्यांनी फोन उघडला आणि यादी शेवटपर्यंत खाली नेली, मग हळूहळू वर आणली. जाड, बारीक, जाड. वरच्या सलग जाड ओळींच्या खाली पहिली बारीक ओळ आली तिथे थांबल्या. दादाने उघडलेला शेवटचा मेल. मीही वाकून बघितला. पाणी शुद्ध करायच्या यंत्राची जाहिरात होती, सणानिमित्त सूट. युगपुरुषांचं शेवटचं वाचन. वहिनींनी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली, मग म्हणाल्या, "करा."

मी ठिपका दिला. संकेतशब्द टाकला, वहिनींचं माहेरचं नाव होतं. खाली एक हिरवी रेघ सरकू लागली. संगणक जुना, सर्व्हर म्हातारं, रेघ मधेच थांबायची आणि पुन्हा निघायची. उतरलेले मेल पडद्यावर एकेक करून येत होते, सगळे जाड, मुंजी, बारशी, बियाणी, दिवाळीच्या शुभेच्छा, जसं काही यातलं कोणी काहीच कधी वाचलं नव्हतं. याडी पडद्याकडे बघत होत्या. वहिनी फोनकडे बघत होत्या.

फोनवरचं बराच वेळ काही हललं नाही. मला वाटलं, निखिल चुकला असेल. मग इकडे रेघ संपली, आणि थोड्या वेळाने तिकडे यादी एकदा थरथरली आणि ओळी जायला लागल्या. एकेक नाही, झुंबडीने. वहिनींनी फोन दोन्ही हातांत धरला होता, सांडणारं काही धरावं तसा. पाण्याच्या यंत्राची ओळही गेली, कोणत्या झुंबडीत गेली ते दिसलं नाही. शेवटी पांढरा पडदा राहिला, आणि मधोमध एक करडी ओळ, येथे काहीही नाही.

"इथं खुणा करून देऊ का?" मी संगणकाकडे बोट दाखवत विचारलं. "जेवढं आठवतं तेवढं, वाचलेलं म्हणून?"

"खोटं कायले करता भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

याडींनी काठी मांडीवर आडवी घेतली. "झाली जागा?"

"झाली."

"किती झाली?"

"पाह्यजे तितका लिवू द्या त्याले."

याडींनी मान हलवली. उठायची घाई त्यांना दिसत नव्हती. मी संगणक बंद करावा की नाही या विचारात होतो. बंद केला की तो पुन्हा सुरू होईल याची खात्री नव्हती, म्हणून तसाच बसलो. कापसाची एक गाडी दारासमोर अडकली, मागच्याने हॉर्न वाजवला, पुढच्याने शिवी दिली, दोघं निघून गेले.

तेवढ्यात फोन वाजला. रिंग नाही, टपाल आल्यावर होतो तो बारीक आवाज. तिघांनीही त्याच्याकडे बघितलं. पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ आली होती, जाड.

याडी हलल्या नाहीत. "कोनाचा हाय?"

वहिनींनी बघितलं. "कोनाचा नाई याडी. जाहिरात हाय. जोड्यायची."

"पन पोचला."

"पोचला."

"वापस नाई गेला."

"नाई."

"मंग ठीक हाय." याडींनी ओढणी सारखी केली. "पुढच्या बाजारी कुठं येऊ मी? इथं तं तू नसशीन."

"घरी या. टाकीजवळचं घर, निळं फाटक. कोनालेबी विचारा."

"येतो." पण त्या उठल्या नाहीत. फोनकडे हनुवटीने खूण केली. "काय लिवलंय त्याच्यात?"

"जोडेच हायेत याडी, काय लिवन."

"आला हाय तं वाच."

वहिनींनी त्या फोनवरचा एकही मेल आजवर उघडला नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी फोन याडींच्या बाजूला थोडा वळवला, ओळीवर बोट ठेवलं आणि जोड्यांची जाहिरात पहिल्या शब्दापासून वाचायला लागल्या.